लग्नाचा ३ जीबीचा व्हिडिओ नेट न वापरता दुसऱ्या फोनवर कसा पाठवू?

दोन्ही फोन अँड्रॉइड असतील तर सरळ क्विक शेअर वापरा. वेगळं ॲप लागत नाही. २०२४ मध्ये गूगलचं निअरबाय शेअर आणि सॅमसंगचं क्विक शेअर एकत्र झालं. ब्लूटूथ फक्त समोरचा फोन शोधायला लागतं, फाइल वायफायनेच जाते, त्यामुळे काही मिनिटांत काम होतं. नुसत्या ब्लूटूथने पाठवायला गेलात तर तीनेक तास सहज जातील. समोरचा फोन दिसतच नसेल तर त्याच्या क्विक शेअरच्या सेटिंगमध्ये ‘एव्हरीवन’ निवडलंय का बघा, बहुतेकदा घोडं तिथंच अडतं.

समोर आयफोन असेल तर दोघांनी लोकलसेंड हे ॲप घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत. घरी वायफाय नसलं तरी एकाचा हॉटस्पॉट चालतो, डेटा खर्च होत नाही. हॉटस्पॉटचा बँड मात्र ५ गिगाहर्ट्झ ठेवा, २.४ वर रखडतं.

व्हॉट्सॲपच्या नादी लागू नका: व्हिडिओ म्हणून पाठवला तर चेहरे धुरकट होतात, डॉक्युमेंट म्हणून २ जीबीच्या वर जात नाही. आणि शेअरइट हे ॲप कुठून तरी एपीके (ॲपची फाइल) आणून टाकू नका. २०२० पासून त्यावर बंदी आहे, आणि तसाही त्यात जाहिरातींचा नुसता बाजार होता.