टोमॅटोच्या जुन्या बेडवर न नांगरता काकडी घेता येते का?

प्रश्न असा आहे की टोमॅटो संपलाय, मल्चिंग (गादीवाफ्यावरचा प्लास्टिक कागद) आणि ठिबक जागेवरच आहे. नांगरट न करता त्याच बेडवर काकडी लावली तर चालेल का, आणि उत्पन्न किती घटेल?

चालेल. नारायणगाव पट्ट्यात त्याच मल्चिंगवर, त्याच तार-बांबूवर काकडी, कारली, घेवडा घेणारे कितीतरी आहेत. मात्र आधी मुळं बघा. प्लॉटच्या वेगवेगळ्या भागांतली, त्यातही पिवळी पडलेली आणि खुजी राहिलेली आठ-दहा झाडं उपटून मुळं पाण्यात धुवा. मुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमी (मुळात शिरणारा सूक्ष्म जंत), आणि तो काकडीवरही तितकाच तुटून पडतो. अशा प्लॉटमध्ये झाडं मुळासकट बाहेर काढून जाळा आणि त्या बेडवर आफ्रिकन झेंडू घ्या, काकडी नको. झाड हिरवं असतानाच कोमेजत असेल, तर बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात पाण्यात लटकता धरा. दोन-चार मिनिटांत पांढुरका धागा खाली उतरला तर ती जिवाणूजन्य मर आहे. मग टोमॅटो, मिरची, वांगं तिथं लवकर परत नको.

मुळं स्वच्छ असतील तर झाड उपटू नका. खोड जमिनीलगत विळ्यानं कापा, मूळ आत कुजू द्या. कुजलेल्या मुळाच्या वाटेनंच नव्या पिकाचं पाणी आणि हवा खाली जाते. वरचा पाला मात्र बेडवर ठेवू नका, त्यात करपा आणि नागअळी दोन्ही राहतात.

त्यानंतर लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत फ्लश करा. कागदाखाली मातीवर पांढरी साय दिसली तर ते खतांचे क्षार आहेत. लागवडीआधी एक-दोन वेळा ठिबक नेहमीपेक्षा जास्त वेळ चालवून ते खाली ढकला. नवं भोक जुन्या खोडापासून वीतभर अंतरावर, पण ड्रिपरच्या ओलीतच पाडा. काळ्या जमिनीत भोक वाफशावरच (माती ना चिखल, ना कोरडी असताना) पाडायचं. ओल्या मातीत पहार फिरवली की भोकाच्या कडा चोपडून गुळगुळीत होतात, आणि रोपाची मुळं बाहेर न जाता आतल्या आतच गोल फिरतात. न नांगरता लावलेलं पीक बसतं ते बहुतेक इथंच, आणि दोष मात्र नांगरट न केल्याला दिला जातो.

बेसल डोस (लागवडीआधीचं खत) मातीत मिसळता येत नाही, म्हणून सुरुवातीपासूनच ठिबकमधून थोडं थोडं द्या. स्फुरद जमिनीत फारसं सरकत नाही, त्यामुळे १२:६१:०० (जास्त स्फुरद असलेलं विद्राव्य खत) पहिल्या आठवड्यापासूनच हवं. ते आणि कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत मिसळू नका, साका बसून ड्रिपर बुजतात.

आता रोटावेटरबद्दल, कारण यावर माझा भावकीशी जुना वाद आहे. त्यांच्या मते भुसभुशीत, चाळल्यासारखं रान म्हणजे चांगला शेतकरी. रोटावेटरनं वरची चार-सहा इंच माती पीठ होते, पहिल्या मोठ्या पावसात तिचा पापुद्रा धरतो आणि पात्यांच्या खाली तवा (मातीचा घट्ट थर) बसतो. लव्हाळा या तणाच्या गाठींची साखळी तुटून प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे उगवते. मग हेच लोक लव्हाळा वाढला म्हणून पुन्हा रोटावेटर घालतात. कर्जतकडे नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी कायमच्या गादीवाफ्यांची सगुणा पद्धत रुजवली, ती जाऊन बघा. तिच्यात तणनाशकाचा वापर मोठा आहे, तो भाजीपाल्यात जसाच्या तसा नेऊ नका. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या लेबलवर भाजीपाला नाही.

पण हेही खरं, की आधीच तवा असलेल्या जमिनीत थेट ‘न नांगरता’ सुरू केलं तर फसाल. वाफशावर लोखंडी सळई हातानं दाबा. वीतभर खोलीवर अडली आणि सगळीकडे तिथंच अडली, तर उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना एकदा सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारं अवजार) घाला, मग बेड पाडा आणि ट्रॅक्टरचं चाक फक्त सरीत फिरवा. लव्हाळा जास्त असेल तर तो प्लास्टिक फोडून वर येतो, आधी त्याचा बंदोबस्त करा. गाजर, मुळा यांना मोकळी मातीच लागते. पावसाळ्यात पालापाचोळ्याखाली गोगलगायी जमतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी पसरा, सकाळी त्यांवर जमलेल्या गोगलगायी गोळा करून साबणाच्या पाण्यात टाका.

उत्पन्नाचा आकडा मी देणार नाही. तुमची माती, मुळं आणि पाणी बघितल्याशिवाय कुणी दिला, तर त्याच्या भरवशावर लागवड करू नका.