स्पोर्ट्स कार जपायची, पण कशी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : माझ्याकडे मॅन्युअल गिअरची होंडा एस-२००० आहे. पुढे किंमत यावी म्हणून ती आता चालवायचीच नाही, फक्त आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, असं ठरवलंय. योग्य आहे का?

ते दहा मिनिटांचं प्रकरण आधी बंद करा. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि थंड इंजिनात, सायलेन्सरमध्ये तिचं पुन्हा पाणी होतं. टेंपरेचरचा काटा लवकर वर येतो, पण ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. मग ते पाणी ऑइलमध्येच राहतं, सायलेन्सर आतून गंजतो आणि स्टार्ट करताना बॅटरीतून गेलेला चार्जही धड भरून निघत नाही. गाडी काढायची तर नीट अर्धा-पाऊण तास चालवा, सगळे गिअर, ब्रेक, एसी वापरा. नाहीतर तिला हातच लावू नका.

महिन्यातून दोन अशा फेऱ्या मारल्या तरी वर्षाला हजारभर किलोमीटर होतील. तेवढ्याने किंमत पडत नाही. उभ्या गाडीची रबरी सीलं वाळून ऑइल ठिबकायला लागलं की मात्र पडते, कारण जाणकार गिऱ्हाईक मीटरच्या आधी गाडीखालची फरशी बघतं. शिवाय या गाडीचं सुरुवातीचं दोन लिटरचं इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत जायचं. असं इंजिन घरात असून ऐकायचं नाही, हे मला तरी जमलं नसतं.

प्रश्न : सहा महिने गाडी उभी राहणार आहे. काय काळजी घेऊ?

ऑइल परत आल्यावर नको, जाण्याआधी बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल साठलेली असते, ती सहा महिने बेअरिंगांवर बसू देऊ नका. टाकी भरून त्यात फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं रसायन, टाका. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल ओढतं, म्हणून टाकीत हवेला जागा कमी ठेवायची. बॅटरीला मेंटेनर, म्हणजे तिचा चार्ज टिकवून ठेवणारा चार्जर, लावून ठेवा. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, बराच काळ १२.४ च्या खाली राहिली तर ती कायमची कमजोर होते.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, पॅड डिस्कला चिकटतात. त्याऐवजी चाकांना अडण लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. कापडी टप असेल तर तो लावलेला ठेवा, दुमडून ठेवल्यास घड्या पडतात. कव्हर हवा खेळती राहील असंच घ्या. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर इनटेकला जाळी लावा. उंदरांना वायरिंग फार आवडतं. फक्त परत आल्यावर स्टार्ट करण्याआधी जाळी काढायची आठवण म्हणून स्टिअरिंगवर एक चिठ्ठी चिकटवा.

प्रश्न : सस्पेन्शन आणि सायलेन्सर बदलले तर किंमत कमी होईल का?

नट-बोल्ट सोडून परत बसवता येईल असं काहीही करा. कापाकापी आणि वेल्डिंग नको. काढलेला प्रत्येक भाग, अगदी ब्रॅकेट आणि क्लिपासकट, पिशवीत घालून वर नाव लिहून ठेवा. दगडाचे बारीक टवके उडाले म्हणून अख्खं बॉनेट रंगवून घेऊ नका. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. जाडी मोजायचा मीटर लावला की दुसरा थर लगेच कळतो आणि अपघाताचा संशय येतो. टवक्यांचा नाही येत.

प्रश्न : माझी गाडी पुढे खरंच ‘कलेक्टिबल’ होईल का?

ठामपणे सांगता येत नाही. मॅन्युअल गिअर, कमी उत्पादन, एखाद्या पर्वातली शेवटची गाडी, या गोष्टी सहसा मदत करतात. पोर्शे ९११ ची ९९३ पिढी एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या, इंजिनाची शेवटची, म्हणून तिचा भाव चढला. तिच्यानंतरची ९९६ मात्र कित्येक वर्षं नाकं मुरडून विकली गेली. विमा, जागा, सर्व्हिसिंग यांचा हिशेब मांडलात तर बहुतेक गाड्या हा पांढरा हत्तीच ठरतात. आवडते म्हणून ठेवा.

प्रश्न : पार्ट मिळाले नाहीत तर?

यांत्रिक भागांची मला फारशी चिंता वाटत नाही. माझदाने पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ साठी, निस्सानने आर-३२ जीटी-आरसाठी आणि टोयोटाने जुन्या सुप्रासाठी काही भाग पुन्हा बनवायला घेतले. खरी अडचण इलेक्ट्रॉनिक्सची. नव्वदच्या दशकातल्या अनेक ईसीयूंमधले (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकांमधले) कपॅसिटर वयाने गळतात आणि बोर्ड खातात. गाडी ठीक चालत असतानाच जाणकाराकडून एकदा ईसीयू उघडून बघून घ्या. हेडलाइट, काचांची रबरं आणि आतले प्लॅस्टिकचे भाग मिळताहेत तोवर घेऊन ठेवा.

प्रश्न : टायरची नक्षी शाबूत आहे, तरी बदलू का?

बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही छान दिसो, बदला. सहाच्या पुढे दरवर्षी तपासून घ्या. ब्रेक फ्लुइडही तसंच: मीटर हलला नसला तरी दर दोन वर्षांनी नवं.