कागदी तलवारींची लढाई

प्रश्न : दिवाळीत आमच्या सोसायटीतील मुले मातीचा किल्ला बांधतात आणि मग प्लास्टिकच्या तलवारी घेऊन लढाई खेळतात. मागच्या वर्षी एका मुलाच्या भुवईला खोक पडली आणि पालकांमध्ये वाद झाला. सहा ते बारा वर्षांची बारा मुले आहेत. खेळ बंद न करता, कमी खर्चात तो कसा घेता येईल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खेळ बंद करू नये, हा आपला विचार मला मनापासून पटतो. कडक प्लास्टिकच्या तलवारी मात्र बाजूला ठेवाव्यात. आपल्या मर्दानी खेळांतील फरी-गदक्यातही पात्याऐवजी चामड्याने मढवलेली काठी असते.

मुलांकडूनच रद्दीच्या तलवारी करून घ्याव्यात. वर्तमानपत्राची तीन पाने एकावर एक ठेवून एका कोपऱ्यापासून तिरकी, अंगठ्याएवढी जाड गुंडाळावीत, चिकटपट्टी लावावी आणि टोकाला भांडी घासायच्या मऊ स्पंजचा तुकडा पक्का बांधावा. स्पंज किंचित ओला केला की सदऱ्यावर ठिपका उमटतो आणि ‘लागलं’, ‘नाही लागलं’ हे भांडण तिथेच मिटते. जोराने मारल्यास ही तलवार वाकते. म्हणून वाकलेली तलवार त्या डावापुरती बाद, हा नियम आवर्जून ठेवावा. ज्याला डावात टिकायचे आहे तो आपोआप हलक्या हाताने खेळू लागतो, आणि मोठ्यांना सारखे ओरडावे लागत नाही. गळ्याच्या वर तलवार लावणारा स्वतःच बाद होतो.

मातीच्या किल्ल्यापासून दूर, खडूने चौकोन आखून मध्ये झेंडा ठेवावा. पाच जणांनी तो राखावा, सात जणांनी पळवावा आणि दर पाच मिनिटांनी बाजू बदलाव्यात. तोफगोळे म्हणून गुंडाळलेले मोजे उत्तम. बाद झालेले मूल कडेला बसून राहिले तर कंटाळून खोड्या काढते, त्यामुळे विषामृताप्रमाणे सवंगड्याने हात लावताच त्याला पुन्हा खेळात घ्यावे. सहा-सात वर्षांच्या मुलांना लिंबूटिंबू म्हणून नुसते पळायला लावू नये, त्यांच्याकडे हे अमृत देण्याचे काम द्यावे; मोठी मुलेच मग त्यांना हाका मारतात.

धनुष्यबाणाला मात्र, मुलांनी कितीही हट्ट केला तरी, परवानगी देऊ नये. खराट्याच्या काडीचा बाणसुद्धा डोळा कायमचा निकामी करू शकतो.