जुनी जपानी त्सुबा खरी की नकली, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन लिलावात एक लोखंडी त्सुबा दिसली, विक्रेता ती ‘एडो काळातली (१६०३ ते १८६८), सही असलेली’ सांगतोय, तर घ्यावी का. (त्सुबा म्हणजे जपानी तलवारीच्या पात्याच्या आणि मुठीच्या मध्ये बसणारी चकती.) नग न बघता घ्या किंवा नका घेऊ असं सांगणं बरोबर नाही, पण मी कसं बघतो ते सांगतो. सही मी अगदी शेवटी बघतो.

आधी भोकं. नकली माल बनवणारा सगळी हौस दर्शनी नक्षीवर भागवतो, भोकांच्या आत सहसा कोणी मेहनत घेत नाही. म्हणून विक्रेत्याकडून तिरप्या उजेडात काढलेला, भोकाच्या आतली कड दिसेल असा फोटो मागा. त्या कडेच्या मधोमध बारीक उंचवट्याची रेघ फिरलेली दिसली तर ती साच्याच्या दोन भागांची सांध समजा. म्हणजे त्सुबा ओतीव आहे, तिचा विचार सोडा. घडीव लोखंडात भोक कापून, कानसून केलेलं असतं आणि कानशीचे ओरखडे भिंगातून दिसतात. जाळीकाम असेल तर आतले कोपरे बघा. वापराने बाहेरच्या कडा झिजतात, आतले कोपरे मात्र रेखीव राहतात. ओतीव नगात तेही गोलावलेले असतात, आणि खोलगट जागी हवेच्या बुडबुड्यांची छिद्रं सापडतात.

मग पातं जातं त्या मधल्या भोकाभोवतीची लंबगोल जागा. तिथे दोन्ही बाजूंनी सेप्पा म्हणजे तांब्याच्या पातळ चकत्या दाबून बसायच्या, त्यामुळे तेवढ्या भागाचा रंग वेगळा पडतो. त्सुबा दुसऱ्या पात्यावर चढवताना भोकात तांब्याचे तुकडे बसवत किंवा कडेला छिन्नीचे ठोके देत. या खुणा दिसल्या तर चांगलंच. नसल्या तरी लगेच नकली ठरवू नका, काही त्सुबा पात्यावर कधी चढल्याच नाहीत.

लोखंडाऐवजी काळसर, निळी झाक असलेला धातू दिसला तर तो शाकुदो असू शकतो: तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं, आणि रसायनांनी आणलेला काळा रंग. झिजलेल्या कडेला काळ्याखाली पिवळं दिसत असेल तर ते रंगवलेलं पितळ. शाकुदोवर बऱ्याचदा नानाको असतं, माशाच्या अंड्यांसारख्या बारीक दाण्यांची जमीन. प्रत्येक दाणा ठशाने वेगळा ठोकलेला असतो. दहापट भिंगाखाली चांगल्या कारागिराचे दाणे सुटे, गोल आणि नक्षीच्या अगदी कडेपर्यंत रांगेत दिसतात. सुमार कामात नक्षीजवळ रांग मोडते, ओतीव मालात दाणे एकमेकांत वितळल्यासारखे दिसतात. लोखंडावर सोन्याची नक्षी असेल तर सोनं उडालेली जागा शोधा. नुनोमे पद्धतीत सोनं धरून ठेवायला आधी लोखंडावर आडव्या-तिरप्या बारीक रेघा मारतात, त्या तिथे उघड्या पडतात. नुसता सोनेरी रंग असेल तर खाली काहीच सापडत नाही.

खरेपणा आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवे लोक इथेच फसतात. एडो काळातल्या कितीतरी त्सुबा रोजच्या वापराच्या, साध्या कामाच्या होत्या. खऱ्या आहेत, पण मोठी किंमत मोजण्याजोग्या नाहीत. उलट १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आल्यावरचं काही काम अप्रतिम आहे. कानो नात्सुओसारखा धातूकाम करणारा कलावंत त्याच काळातला, तेव्हाच्या जपानी (मेइजी) सरकारच्या नाण्यांसाठीही त्याने काम केलं. दर्जा जोखायला मी त्सुबा उलटी करतो. मागची बाजू रिकामी सोडली असली तरी ती विचारपूर्वक सोडलेली आहे का, की कंटाळून, ते कळतं.

आता सही. नोबुइए आणि कानेइए या जुन्या नामांकित त्सुबा-कारागिरांची नावं इतक्या नकली नगांवर कोरलेली आहेत की ती दिसली की मी जास्त सावध होतो. बिनसहीची चांगली त्सुबा संशयास्पद सहीच्या त्सुबेपेक्षा कधीही बरी. विक्रेता एनबीटीएचके या जपानी तलवारींचं जतन करणाऱ्या तोक्योच्या संस्थेचं प्रमाणपत्र दाखवत असेल तर त्यावरचा फोटो नगाशी ताडून बघा. १९८२ पासूनची ‘होझोन’ (जतन करण्याजोगी) किंवा ‘तोकुबेत्सु होझोन’ (विशेष जतन करण्याजोगी) प्रमाणपत्रं भरवशाची मानतात. त्याआधीच्या हिरव्या कागदावरच्या प्रमाणपत्रांवर संग्राहक तेवढा विश्वास टाकत नाहीत.

घेतलीत तर कृपा करून पॉलिश, चिंच, लिंबू काही लावू नका. शाकुदोचा रंग एकदा घासला की किंमत गेली. लोखंडाला कोरडं सुती कापड पुरे. भोकाच्या आतला आणि मागच्या बाजूचा फोटो मिळाला तर इथेच कमेंटमध्ये टाका, मी नक्की बघेन.