जितक्या वाजतील तितक्याच गिटारी

फोंडा, गोवा
श्रावण

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. लग्नसराईत छायाचित्रणातून हाती आलेल्या पैशांतून जुनी गिटार घ्यावी की ८५ मिलिमीटरची लेन्स घ्यावी, असा प्रश्न तू विचारला आहेस. घरात आधीच असलेल्या तीन गिटारींचा उल्लेख मात्र पत्राच्या अगदी शेवटी आणि तोही ओझरता केला आहेस. मला उत्तर सुचले ते त्या ओझरत्या वाक्यावरून. तिघींपैकी एक ज्येष्ठापासून केसबाहेर, म्हणजे तिच्या पेटीबाहेर, निघालेली नाही, असे तूच लिहिले आहेस. तेव्हा यंदा या दोहोंपैकी काहीही घेऊ नकोस.

हे मी कोरडेपणाने सांगत नाही, कारण ही चूक मी स्वतः करून बसलो आहे. तुझ्या वयात माझ्याजवळ पाच गिटारी जमल्या होत्या, आणि घरी कोणी आले की त्या एकेक करून दाखवण्याचा सोहळाच होत असे. वाजवणे त्यामानाने कमीच होते. एका पावसाळ्यात लागोपाठ कामे आली, कपाटाकडे फिरकायलाही सवड झाली नाही, आणि चवथीपूर्वीच्या साफसफाईत दार उघडले तेव्हा आधी कुबट वास आला. चामड्याच्या पेटीतील १३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये, पुढच्या काचेच्या आतल्या बाजूस, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले होते. शेजारच्या केसमध्ये मखमलीवर हिरवट बुरशी धरली होती, गिटारच्या तारा गंजल्या होत्या आणि फुगलेल्या टॉपला, म्हणजे पुढच्या फळीला, तारा अडकवायच्या पट्टीमागे, म्हणजे ब्रिजमागे, पोट आले होते. खाटेशेजारी भिंतीला टांगलेली, रोज संध्याकाळी दहा मिनिटे का होईना हातात येणारी माझी सर्वांत स्वस्त गिटार मात्र शाबूत होती. तिच्याही तारा काळवंडल्या होत्या, पण बुरशीचा एक ठिपका तिच्यावर नव्हता.

कारण साधे आहे. बुरशीला दमट, अंधारी, हवा न खेळणारी जागा हवी असते आणि खायला थोडेसे काही हवे असते. चामडे, मखमल, धूळ आणि आपल्या बोटांचे तेल हे सर्व तिला केसमध्ये आयते मिळते. काचेवर ती आपल्या स्रावाने कोटिंग खाते, आणि तो व्रण नंतर कितीही पुसला तरी जात नाही. आपल्या गोव्यात जून ते सप्टेंबरपर्यंत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्या दिवसांत घरातील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहणे ही नित्याची गोष्ट असते. लेन्सना ४० ते ५० टक्के मानवते, लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के. म्हणजे एकच बंद खोली ५० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर दोन्ही छंद तिच्यात सुखाने नांदू शकतात. कुणाला हा योगायोग वाटेल. मला तो या दोन छंदांच्या जोडीला मिळालेला सर्वांत मोठा व्यावहारिक आधार वाटतो. म्हणून हाती आलेल्या पैशांतून आधी आर्द्रता मोजणारे दोन हायग्रोमीटर घे, लेन्ससाठी आतली हवा कोरडी ठेवणारे छोटे ड्राय कॅबिनेट घे, आणि उरले तर खोलीसाठी हवेतील ओल काढणारा डीह्युमिडिफायर पाहा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण निळे मणी गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा कोरडे करावे लागतात, आणि हेच काम आळसाने राहून जाते. गिटारच्या केसमध्ये मोजमाप न करता ढीगभर सिलिका मात्र ठेवू नकोस, कारण आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की टॉप आकसून त्याला चीर पडण्याचे भय असते. आणखी एक गोष्ट म्हणजे समुद्रकाठी काम असेल तेव्हा एप्रिलच्या दुपारी गिटार बंद कारमध्ये ठेवू नये. त्या उष्णतेने सरस मऊ पडतो आणि तारांच्या ओढीने ब्रिज उचलला जातो. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांची मिळून ओढ सत्तर किलोच्या आसपास असते, हे ध्यानात ठेवलेस म्हणजे पुरे.

आता तुझ्या पत्रातील दुसऱ्या शंकेकडे येतो. दोन छंद एकमेकांचे वेळ आणि पैसे खातात, यांपैकी एक सोडावा काय, असे तू विचारतोस. सोडू नये. अमेरिकन छायाचित्रकार राल्फ गिब्सन गिटार वाजवतो, आणि ‘द पोलीस’ या रॉक बँडचा गिटारवादक अँडी समर्स अनेक वर्षे छायाचित्रे काढत आला आहे. या दोघांनी मिळून २००४ मध्ये गिटार हाच विषय घेऊन छायाचित्रांचे एक पुस्तक काढले. ग्रॅहम नॅश या गायक-गिटारवादकाने तर जुन्या छायाचित्रांचा मोठा संग्रह केला होता. तो त्याने १९९० मध्ये लिलावात काढला, आणि संगणकावरून उत्तम दर्जाचे प्रिंट काढण्याची कार्यशाळा उभारली. संग्रहाचे त्याने जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स तरुणपणी पियानोवादक होण्याच्या तयारीत होता, आणि पुढे निगेटिव्हला तो संगीताच्या लिखित संहितेची आणि प्रिंटला तिच्या सादरीकरणाची उपमा देत असे.

पण मोठ्यांची नावे बाजूला ठेवून तू तुझी गिटार मांडीवर घे आणि तिच्या फ्रेटमधील, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांमधील, अंतरे नीट पाहा. ती नटकडून, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीकडून, ब्रिजकडे जाताना एका ठरावीक प्रमाणात लहान होत जातात. नटपासून ब्रिजपर्यंत तार ६४८ मिलिमीटर असेल, तर पहिला फ्रेट सुमारे ३६ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२४ मिलिमीटरवर. प्रत्येक फ्रेटवर तारेची उरलेली लांबी साधारण साडेपाच टक्क्यांनी घटते. आता लेन्सच्या कड्यावरचे, उजेड आत सोडणारे छिद्र किती उघडे आहे ते सांगणारे, १.४, २, २.८, ४, ५.६, ८ हे आकडे वाच. तेही असेच प्रमाणाने चालतात. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र २ वर २५ मिलिमीटरचे असते, ४ वर साडेबाराचे. बारा फ्रेटनी तार निम्मी होते आणि दोन स्टॉपनी, म्हणजे या आकड्यांच्या दोन पायऱ्यांनी, छिद्राचा व्यास निम्मा होतो, म्हणजे आपला कान आणि आपला डोळा दोघेही बेरजेने नव्हे, गुणाकाराने मोजतात. हे मला कोणी शिकवले नव्हते. एका रात्री वीज गेली असताना अंधारात फ्रेट चाचपडताना ते लक्षात आले, आणि तेव्हापासून एक्स्पोजरचा, म्हणजे छायाचित्राला किती उजेड द्यायचा याचा, अंदाज मी जवळजवळ ऐकून घेतो, असे म्हटले तर हसू नकोस.

प्रत्यक्ष कामातही हे दोन छंद एकमेकांच्या उपयोगी पडतात. सिंगल कॉइल पिकअपच्या, म्हणजे तारांचा कंप टिपणारे वेटोळे एकेरी असलेल्या, इलेक्ट्रिक गिटारमधून जो घुंऽऽ असा आवाज येतो तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा असतो, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेल्या छायाचित्रावर जे आडवे पट्टे उमटतात तेही त्याच विजेमुळे, कारण तिथे दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले की पट्टे बहुधा जातात. स्वस्त एलईडी दिव्यांचे मात्र काही सांगता येत नाही, तिथे आधी दोन चाचणी छायाचित्रे घ्यावीत. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, म्हणून १/६० वर तिचा धूसर पट्टा दिसतो आणि १/१००० वर ती जवळजवळ स्थिर होते. कोणते हवे ते तू ठरव. माझ्या मते तार थोडी हललेली दिसलीच पाहिजे, नाहीतर माणूस नुसता गिटार धरून बसल्यासारखा दिसतो.

मडगावकडच्या घरांतील लग्नात किंवा एखाद्या कार्यक्रमात मांडो हे गोव्याचे पारंपरिक गीत ऐकलेस तर वाजवण्याचा फायदा अधिक कळेल. व्हायोलिन, गिटार आणि घुमट हे मातीचे तालवाद्य यांच्या साथीने तो संथ चालतो, आणि त्याच्यामागून दुलपोद या जलद गीताची लय चढते. नवखा छायाचित्रकार लय चढल्यावर कॅमेरा उचलतो, तोवर चेहऱ्यांवरचा बदल होऊन गेलेला असतो. ज्याने स्वतः कधी कॉर्ड बदलला आहे त्याला ठाऊक असते की वादकाची नजर बदलाच्या क्षणभर आधी डाव्या हाताकडे वळते. त्या वळलेल्या नजरेसाठी बोट शटरवर तयार ठेवावे.

आता जुन्या गिटारचा विषय. पुढेमागे ती घेशीलच, म्हणून लिहून ठेवतो. तुझ्यापाशी इतर ग्राहकांजवळ नसलेले एक साधन आहे, ते म्हणजे प्रकाश वाचण्याची सवय. गिटार टेबलावर आडवी ठेव, खोलीतील दिवे मालव आणि टॉर्च अगदी कडेने, टॉपला जवळजवळ समांतर धर. फुगवटा, खोलगट जागा, दुरुस्त केलेली चीर, पुन्हा चढवलेले वॉर्निश हे सारे त्या तिरप्या उजेडात डोंगरदऱ्यांसारखे वर येते. मग साउंडहोलमधून, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकातून, फोन आत घालून ब्रेसिंगचे, म्हणजे आतल्या आधारपट्ट्यांचे, छायाचित्र घे, आणि सुटलेला सांधा दिसतो का ते पाहा. पहिल्या व शेवटच्या फ्रेटवर तार एकाच वेळी दाबून मधल्या फ्रेटवर तार किती वर राहते ते बघ. मग तार मोकळी सोड, आणि बाराव्या फ्रेटवर ती दोन-अडीच मिलिमीटरहून फार वर असेल तर विक्रेत्याला कारण विचार. शेवटी साउंडहोलशी नाक नेऊन वास घे. कुबट असेल तर किंमत कितीही उतरवली तरी परत ये.

लाकडाविषयी एवढेच की मागच्या व बाजूच्या फळ्यांसाठी जगभर वापरले जाणारे भारतीय रोजवुड म्हणजे आपल्या सह्याद्रीतील शिसव. आजोबांच्या घरातील खुर्च्या त्याच्याच आहेत. ब्राझिलियन रोजवुडवर मात्र १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कडक निर्बंध आहेत, त्यामुळे परदेशातील जुनी गिटार मागवण्याआधी कागदपत्रे पाहणे आवश्यक आहे.

तुझ्याजवळच्या तिन्ही गिटारींची छायाचित्रे मात्र आताच काढून ठेव: पुढून, मागून, हेडस्टॉक (खुंट्यांचा शेंडा), अनुक्रमांक, आणि प्रत्येक ओरखडा. चकचकीत वॉर्निशवर खोलीचे प्रतिबिंब येते, त्यासाठी खिडकीला पांढरी चादर लाव आणि लेन्सवर पोलरायझर हा फिल्टर लावून फिरवून पाहा. लाकडावरची चमक तो घालवतो, धातूच्या खुंट्यांवरची नाही. पुढच्या पावसाळ्यात हीच छायाचित्रे शेजारी ठेवून टॉप फुगला की नाही हे ताडता येईल.

ज्येष्ठापासून केसमध्ये असलेली ती गिटार आज रात्रीच बाहेर काढ. तिला बुरशी असेल तर घरात झटकू नकोस. ओसरीवर नेऊन कोरड्या मऊ फडक्याने पूस, केस उन्हाची तिरीप येईल तेव्हा उघडी वाळव, गिटार मात्र थेट उन्हात ठेवू नकोस. तारा बदलाव्याच लागतील. चवथीनंतर ती घेऊन फोंड्याला ये. नव्या तारांचा एक संच मी आणून ठेवतो. तुला हलक्या तारा चालतात की मध्यम, तेवढे आधी कळव.

तुझा,
काका