थायलंडला निघण्याआधी: वाचकांचे प्रश्न

तेच तेच प्रश्न वारंवार येत असल्यामुळे थायलंडविषयीचे इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : कंबोडियाच्या सीमेवर लढाई झाली. बँकॉक-फुकेतची सहल रद्द करावी का? (नाशिक)

तेवढ्यावरून नको. जुलै 2025मधली लढाई सुरिन, सिसाकेत, उबोन अशा सीमेलगतच्या प्रांतांत झाली. फुकेत तिथून शेकडो किलोमीटर दूर आहे. मात्र रस्त्याने सीमा ओलांडून अंकोर वाटला जायचा बेत सोडा. पैसे भरण्याआधी बँकॉकमधल्या भारतीय दूतावासाची ताजी सूचना स्वतः वाचा. ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजवर विसंबू नका. प्रवास विम्यातून युद्धामुळे होणारं नुकसान बहुधा वगळलेलं असतं, तेव्हा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

प्रश्न : एजंट डिजिटल अरायव्हल कार्डचे माणशी दीड हजार मागतो आहे. (सांगली)

देऊ नका. हे कार्ड 1 मे 2025पासून सक्तीचं आहे, पण फुकट आहे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत थाई इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवर भरा.

प्रश्न : एजंटने सुचवलेल्या 'एथिकल' हत्ती कँपमध्ये हत्तीवर बसू देत नाहीत, फक्त आंघोळ घालू देतात. मुलांना न्यायला हरकत नाही ना? (पुणे)

हरकत आहे. पाटीवर 'एथिकल' कुणीही लिहितं, आणि एजंटला त्या कँपकडून कमिशन असू शकतं. कँपमध्ये जन्मला तरी हत्ती कुत्र्यासारखा पिढ्यान्‌पिढ्या माणसाळलेला नाही. अनोळखी माणसं अंग चोळत असताना तो गप्प उभा राहतो, कारण लहानपणी आईपासून तोडून, बांधून, मारून त्याला तसं वळण लावलेलं असतं. एका गटाची आंघोळ संपली की दुसरा गट हजर, आणि हत्ती पुन्हा पाण्यात. जानेवारी 2025मध्ये थायलंडात अशीच आंघोळ घालताना हत्तीच्या हल्ल्यात एक स्पॅनिश तरुणी दगावली. जे हत्तीला जाचक, तेच तुमच्या मुलांना धोक्याचं.

थायलंडने 1989मध्ये जंगलतोडीवर बंदी आणली, तेव्हा ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले आणि पर्यटनाकडे वळले. त्यांचं पोट यावर आहे, म्हणून सगळे कँप बंद करा असं मी म्हणणार नाही. पण पैसे कुठे द्यायचे हे तुमच्या हातात आहे. कँपला थेट मेल करून विचारा: हत्तीला हात लावू देता का? रोज किती पाहुणे येतात? रात्री हत्ती कुठे असतो, साखळी किती लांब? पिल्लं कुठून आणली? मग पाहुण्यांनी टाकलेले फोटो मोठे करून बघा. माहुताच्या हातात अंकुश किंवा मुठीत लपवलेला खिळा, पाठीवर हौद्याच्या दोरांचे वळ, पायाला साखळीने पडलेला घट्टा, यातलं काहीही दिसलं तर तो कँप नको. हत्ती लांबूनच बघू देणारे कँपही आहेत, तिथे न्या. उत्तरं गोलमाल वाटली, तर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारून मगच बुकिंग करा.

प्रश्न : माकडाने नुसतं ओरखडलं, तर इंजेक्शन परतल्यावर घेतलं तर चालतं का? (ठाणे)

अजिबात नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवा, हळद-टूथपेस्ट लावू नका, आणि त्याच दिवशी तिथल्याच हॉस्पिटलमध्ये रेबीजची लस सुरू करा. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं; ते डॉक्टर ठरवतील. लशीचं नाव आणि तारखा लिहिलेला कागद जपा, उरलेले डोस इथे पूर्ण करता येतात.

प्रश्न : एका ओळखीच्यांनी तिकीट-हॉटेल फुकट देऊ केलंय, येताना फक्त त्यांची एक बॅग आणायची आहे. (कल्याण)

जाऊ नका. बँकॉकहून येणाऱ्या अशा बॅगांतून मुंबई विमानतळावर कस्टम्स हायड्रोपोनिक (मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला) गांजा पकडत असतं. तिथे गांजा दुकानात दिसतो म्हणून इथे सूट नाही; 1985चा एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा लागतो, आणि आत काय होतं ते ठाऊक नव्हतं हे कोर्टात तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. होकार देऊन बसला असाल, तर त्या ओळखीच्यांशी आणखी बोलण्याआधी आजच फौजदारी वकिलाला भेटा.