कविता घेऊन परदेशी जायचं तर

प्रश्न : मी कराडजवळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माझं आजोळ कोयना धरणाच्या पाण्यात गेलं. त्यावरच्या कवितांचा संग्रह अर्धवट पडलाय. परदेशात लेखकांना राहून लिहिण्यासाठी फेलोशिप मिळते म्हणे. माझं इंग्रजी बेताचं, गाठीशी पैसे नाहीत, मुलगी आठवीत. अर्ज करण्यात अर्थ आहे का? कोयनेचं तिकडे कुणाला काय पडलंय?

उत्तर : ताई, अर्थ आहे. अर्ज कराच.

अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये मॅकडॉवेल नावाची जागा १९०७ पासून चालू आहे. लेखक, चित्रकार, संगीतकार यांना तिथे झाडीत स्वतंत्र स्टुडिओ मिळतो. राहण्याजेवणाचे पैसे घेत नाहीत. दुपारचं जेवण टोपलीतून दाराशी ठेवून जातात, कामात व्यत्यय नको म्हणून दार वाजवत नाहीत. पेपर तपासणी, स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास यांतून उरलेल्या वेळात लिहिणाऱ्या बाईला हे मिळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीचं म्हणाल तर जागा बघून ठरवा. अमेरिकेतल्याच आयोवा विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम १९६७ पासूनचा. कवी दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ तिथे होते. पण तिथे चर्चा, वाचनं, वर्गभेटी सतत चालतात, त्यामुळे इंग्रजी सफाईनं बोलता यावं लागतं. शिवाय २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यानं त्याचं अनुदान थांबवलं. त्याऐवजी महिनाभराच्या, कमी बोलण्याच्या जागा बघा. स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळच्या हॉथॉर्नडन किल्ल्यात दिवसभर शांतता पाळतात, गप्पा संध्याकाळी. महिनाभराचं असेल तर मुलीला आजीकडे किंवा मावशीकडे ठेवता येईल. अशा बहुतेक ठिकाणी मुलांना नेता येत नाही.

आता खरं काम. निवड करणारे तुमचं बोलणं ऐकत नाहीत, तुमची पानं वाचतात, आणि ती बहुधा इंग्रजीतून. मी मराठी कवितांचा अनुवाद करते म्हणून आग्रहानं सांगते : चार जणांकडून चार-चार कविता करून घेऊ नका. एकच अनुवादक धरा, त्याच्याशी ओळ न् ओळ भांडा. मूळ कविता त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. ओवीचा छंद असेल तर इंग्रजीत ओढूनताणून यमक जुळवू नका. लय कशी चालते ते अर्जासोबतच्या टिपणात दोन ओळींत सांगा. अनुवादकाचं नाव ठळक घाला आणि त्याचा मोबदला अर्जाआधी ठरवा. हा खर्च विमानाच्या तिकिटाइतकाच खरा आहे.

कोयनेचं कुणाला पडलंय, असं विचारता. ‘विस्थापनाची वैश्विक वेदना’ असलं काही लिहिलंत तर कुणालाच पडणार नाही. आजोळच्या गावाचं नाव लिहा. शिवसागर जलाशयाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तेव्हा तुमच्या आईला काय दिसतं ते लिहा. कितव्या कवितेपाशी अडलात आणि तिथे काय करायचंय, तेही लिहा.

पैशांबाबत चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा : राहणं, जेवण, विमानभाडं, विमा. नाव ‘रेसिडेन्सी’ (म्हणजे राहून लिहिण्याची जागा) आणि राहण्याचं भाडं मात्र आपण भरायचं, अशाही जागा आहेत. त्यांच्या नादी लागू नका. महाविद्यालयाकडे रजेचा अर्ज लेखी द्या आणि ना हरकत पत्र आधीच मागून ठेवा, कारण संस्थेचे कागद व्हिसापेक्षाही हळू हलतात.

प्रश्न : मी पुण्यात मोडी कागदपत्रांवर पीएच.डी. केली. मला लेखकांच्या जागा चालतील का? पत्नी-मुलाला नेता येईल का?

उत्तर : तुम्हाला ग्रंथालय लागेल, म्हणून तुमची वाट वेगळी. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या मराठी हस्तलिखितांवर थोड्या मुदतीचं काम असेल, तर त्यासाठी अनुदान देणाऱ्या, १९८१ मध्ये स्थापन झालेल्या चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टच्या चालू वर्षाच्या अटी वाचा. कला आणि मानव्यविद्यांतल्या भारतीयांसाठीच तो आहे. बर्लिनची विसेनशाफ्टस्कोलेग ही संशोधनसंस्था मात्र अभ्यासकांना वर्षभरासाठी कुटुंबासह बोलावते, तिथे दुपारी सगळे एकत्र जेवतात. पण तिथली निवड कडक असते. पीएच.डी.चं पुस्तक आधी छापून येऊ द्या. आणि शेंगेन देशांत (म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर पर्यटक व्हिसा चालत नाही, त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढावा लागतो. मुलाच्या शाळेचे दाखले त्याच वेळी तयार ठेवा.